फाटक्या पुस्तकांचं टेबल

मेळावा नीट पार पडला असता तर भगवंतराव ढोकण्यांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. अमरावतीच्या एका मोठ्या ग्रंथालयातली मुख्य ग्रंथपालाची जागा, जागेबरोबर बिऱ्हाडाला दोन खोल्या, खुर्चीवर विजेचा पंखा, हाताखाली माणसं आणि बायकोचं माहेर हाकेच्या अंतरावर. हे शेवटचं कलम जमेला धरायचं की नावे, याबद्दल नवरा-बायकोत एकमत नव्हतं. बदल्यात द्यायचा होता एक रविवार. सौदा वाईट नव्हता.

साल त्रेसष्ट, फाल्गुनाचे दिवस. वऱ्हाडातल्या वाचनालयांचे ग्रंथपाल आणि पुण्या-मुंबई-नागपूरचे प्रकाशक यांनी एकदा समोरासमोर बसावं, ही कल्पना अमरावतीच्या नानासाहेब कोरड्यांची. नानासाहेब वकील होते आणि तिथल्या ग्रंथालयाचे अध्यक्षही. कल्पना आपली आणि राबणं दुसऱ्याचं, हा त्यांचा शिरस्ता. अकोल्यात एका शाळेचा हॉल ठरला आणि सगळी मांडामांड तिथल्या वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणून भगवंतरावांच्या गळ्यात आली. हे जमवून दाखवा, मग आमच्याकडच्या जागेचं बोलू, एवढंच नानासाहेब म्हणाले होते. तेवढ्यावर भगवंतराव महिनाभर धावत होते.

असल्या मेळाव्यात काय होतं ते जाणाऱ्यांना पाठ असतं. प्रकाशक नवी पुस्तकं मांडतात, ग्रंथपाल ती चाळून सवलत किती ते विचारतात. प्रकाशक म्हणतात, तुमच्याकडे कापूस पिकतो, वाचक पिकत नाही. ग्रंथपाल म्हणतात, तुमची बांधणी चार घरं फिरली की सुटते. मग जेवणं होतात आणि सगळे मित्र होऊन घरी जातात. भगवंतरावांना याच्या पुढे जायचं होतं. नव्या पुस्तकांच्या समोरच एक टेबल फाटक्या पुस्तकांचं मांडायचं, असं त्यांनी ठरवलं. वाचून वाचून ज्यांचे पुठ्ठे गेले, शिवण उसवली, पुढची-मागची पानं गळाली, अशी पुस्तकं. आपलं पुस्तक वऱ्हाडात कशानं मरतं ते प्रकाशकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

कल्पना खरंच चांगली होती. अडचण एवढीच, की फाटेपर्यंत वाचलं जाणारं पुस्तक कधी कपाटात नसतं, ते कोणाच्या तरी घरी असतं. म्हणून वाचनालयाचा मदतनीस धर्मपाल तायडे याला सायकलवरून घरोघर पाठवण्यात आलं. धर्मपाल बोलायला कमी आणि कामाला पक्का. कोणी पुस्तक द्यायला कुरकुर केली तर दंडाची आठवण करून द्यायची, असं त्याला बजावलेलं होतं. भगवंतरावांच्या दंडाला लोक तहसीलदारापेक्षा जास्त भीत. पुस्तक भिजलं, हरवलं, उंदरानं खाल्लं, काहीही झालं तरी नवीन भरून द्यायचं. सबबी ऐकून घेतल्या जात नसत.

मेळाव्याच्या आदल्या तीन-चार दिवसांत पुस्तकं गोळा झाली. भगवंतरावांनी ती स्वतः झटकली, पुसली, पान न् पान सारखं केलं. त्या कामाला त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला हॉल भरला. अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, अचलपूर, सगळीकडची मंडळी आली. आणि भगवंतरावांनी जे योजलं होतं ते योजल्यापेक्षा चांगलं घडलं. नव्या पुस्तकांच्या टेबलांपाशी माशा बसल्या आणि फाटक्या पुस्तकांभोवती माणसं. पुण्याचे प्रकाशक दामोदरपंत साठ्ये यांनी आपलीच एक कादंबरी उचलली, उलटीपालटी केली आणि हिला आपण ओळखलंच नाही असं म्हणाले. मग पुस्तकाचा उघडा पडलेला कणा नाकाशी नेऊन हुंगला. सरसाचे पैसे घेऊन बाइंडरनं नुसती पिठाची खळ लावली आहे, हा शोध त्यांना अकोल्यात लागला. ते पुस्तक चार नाकांखालून फिरलं. नानासाहेबांनी टेबल उचलून हॉलच्या मधोमध आणवलं, आणि ही मूळ कल्पना आपलीच, असं जेवणापर्यंत चौघांना सांगून ठेवलं.

याच वेळी दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. जुन्या शहरातल्या दुर्गाबाई, वाचनालयाच्या जुन्या वाचक. त्या आत येईनात. भगवंतराव बाहेर गेले तेव्हा त्या चार हात मागे सरकल्या.

"भाऊ, माह्या घरचं पुस्तक परत द्या," त्या म्हणाल्या. "जाळून टाकाचं हाय ते."

"जाळाचं? काहून?" सभेत पुणेरी बोलणारे भगवंतराव दचकले की वऱ्हाडीवर येत.

दुर्गाबाईंनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांच्या मुलीला, शकुनला, माता निघाली होती, म्हणजे देवी आल्या होत्या. आता उतार होता, पण अंगाच्या खपल्या पडत होत्या, आणि त्या पडत होत्या तेव्हा पोरगी आठवडाभर तेच पुस्तक उशाशी घेऊन वाचत होती. नगरपालिकेचा देवी टोचणारा अंथरूण-पांघरूण जाळा म्हणून सांगून गेला. सगळं जाळलं. पुस्तक मात्र वाचनालयाचं. दंडाच्या भीतीनं ते वेगळं काढून ठेवलं. धर्मपाल आला तेव्हा दुर्गाबाई विहिरीवर होत्या आणि सासूनं मागच्या दारानं ते त्याच्या हातात देऊन टाकलं.

"कोणतं पुस्तक?"

"राणीची गोष्ट हाय. जाडजूड. पुठ्ठा नाई." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "ज्याचा हात लागला त्यानं दोन-तीन रोजांत टोचून घेतलं त भेव नाई म्हणते तो टोचणारा. उशीर केला त मंग काई खरं नाई."

दुर्गाबाई गेल्या. भगवंतराव दारातच उभे राहिले. आत टेबलावर बिनपुठ्ठ्याच्या जाड कादंबऱ्या अर्धा डझन तरी होत्या, आणि त्या काळी जाड कादंबरीत राणी नसली तर तिला कोणी हात लावत नसे. त्यातली कुठली? आणि आता ते विचारून उपयोग काय? सकाळपासून सगळी पुस्तकं सगळ्यांच्या हातांतून गेली होती. बाळापूरचे ग्रंथपाल जिभेला बोट लावून पानं उलटत होते. साठ्ये तर नाकच आत घालून बसले होते. एरवी ज्या गोष्टीबद्दल भगवंतरावांनी माणसाला वाचनालयाबाहेर काढलं असतं ती हॉलभर चालली होती.

खिडकीशी एका खुर्चीवर अचलपूरच्या महिला वाचनालयाच्या मनकर्णाबाई इंगोले बसल्या होत्या. भाषणांचा कंटाळा आला म्हणून त्यांनी टेबलावरून एक पुस्तक उचललं होतं आणि त्या त्यात पार बुडाल्या होत्या. पुस्तक जाड होतं. पुठ्ठा नव्हता. मनकर्णाबाईंच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस गेले होते. सहावा महिना. पुस्तक पोटावर टेकवून त्या वाचत होत्या.

भगवंतराव जवळ गेले आणि काय वाचता म्हणून विचारलं.

"राणीची गोष्ट हाय, भगवंतरावजी. लय रंगली." त्यांनी मान वर केली नाही.

भगवंतरावांनी पुस्तक मागितलं, मांडणी बिघडते म्हणाले. बाईंनी हसून ते आणखी घट्ट धरलं. मग ते उगाच तब्येतीची चौकशी करायला लागले, आणि फिरत फिरत देवी टोचल्या आहेत ना, इथवर आले. ग्रंथपालानं हे विचारावं याचं बाईंना नवल वाटलं, पण त्यांनी सांगून टाकलं. लहानपणी टोचणारा गावात आला की त्या कडब्याच्या गंजीत लपत. एकदाही सापडल्या नाहीत. ती चक्रीची सुई दंडावर फिरवतात ना, ती नुसती पाहिली तरी डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणाल्या.

आता गोष्ट सरळ होती. व्यासपीठावर जाऊन चार वाक्यं बोलायची. पण त्या चार वाक्यांनंतर हॉल रिकामा होणार, प्रकाशक मिळेल त्या गाडीनं परतणार, आणि अमरावतीची जागा, ज्यानं देवीची पुस्तकं मांडून पाहुण्यांच्या हातात दिली त्याला कोण देणार? भगवंतराव व्यासपीठाकडे निघाले. ते पोचायच्या आतच नानासाहेब उठून बोलायला लागले होते.

हे टेबल, नानासाहेब म्हणाले, इथेच संपता कामा नये. ते उद्याच अमरावतीला न्यायचं, तिथून अचलपूर, अकोट, बाळापूर, गावोगाव फिरवायचं, शाळेच्या मुलांनासुद्धा दाखवायचं. आणि टेबलाबरोबर त्याचा माणूसही अमरावतीला यायचा, तो मुख्य ग्रंथपाल म्हणून. टाळ्या पडल्या. नानासाहेबांनी हात धरून भगवंतरावांना पुढे ओढलं. भगवंतरावांनी तोंड उघडलं. आतून जे यायचं होतं ते आलं नाही. "आभारी आहे," एवढंच आलं.

टाळ्यांत मनकर्णाबाईही होत्या. त्यांनी पुस्तक मांडीवर पालथं घालून टाळ्या वाजवल्या.

जेवणाला रोडगे आणि वांग्याची भाजी होती. भगवंतराव स्वतः पंक्तीत वाढायला लागले. वाढता वाढता त्यांना मधली वाट सुचली. खरं बोलायचं नाही आणि कोणी मरायचंही नाही, अशी. नगरपालिकेचा देवी टोचणारा हा रहस्यकथांचा भक्त होता. नवी रहस्यकथा सगळ्यांच्या आधी हातात पडेल म्हटलं तर तो रविवारीही पेटी घेऊन आला असता. नवा नियम निघाला आहे म्हणायचं, बाहेरगावची माणसं जमली की टोचून घ्यावं लागतं, आणि सगळ्यांच्या दंडांवर सुई फिरवून टाकायची. मग टेबलावरची पुस्तकं रात्री गुपचूप जाळायची.

त्यांनी धर्मपालला मागे बोलावून हे सांगितलं. धर्मपालच्या वस्तीत गेल्याच महिन्यात सगळ्यांना टोचलं होतं, त्याला स्वतःची धास्ती नव्हती. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, खरं काहून सांगून टाकत नाई?"

"तू जा. टोचणाऱ्याले घेऊन ये."

"जातो. पर नियम म्हटलं की मानूस पळवाट पाहते, साहेब. जिवाची गोष्ट म्हटलं त थांबते."

भगवंतरावांनी त्याला हातानंच पिटाळलं.

टोचणारा आला. नियम जाहीर झाला. लहानपणची जुनी खूण चालणार नाही, हेही भगवंतरावांनी व्यासपीठावरून दोनदा बजावलं. मंडळी रुसली, पण रांगेत लागली. पुण्यात आम्ही गिऱ्हाइकाचा फक्त खिसा कापतो, तुम्ही दंडालाच हात घालता, असं म्हणत साठ्यांनी बाही वर केली. नानासाहेबांनी कायद्याचं कलम विचारलं आणि कलम मिळायच्या आत टोचूनही घेतलं. सुई एकेका दंडावर फिरत होती आणि भगवंतरावांच्या मानेवरचा घाम एकेका माणसामागे वाळत होता. रांग संपत आली तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. पुस्तकही नव्हतं.

दाराशी बसलेल्या माणसानं सांगितलं की अचलपूरच्या बाई मघाच गेल्या. टोचणारा दारातून आत येताना दिसला आणि त्यांनी पिशवी उचलली. पुस्तकाचं विचारलं तर म्हणाल्या, वाचून झालं की पोस्टानं पाठवीन, भगवंतरावजींना सांगा. सगळ्या वऱ्हाडच्या ग्रंथपालांत पुस्तक न विचारता नेणारी हीच एक निघावी.

भगवंतराव धर्मपालच्या सायकलीवर मागे बसले. वयाला आणि पदाला ते शोभणारं नव्हतं, पण त्या दुपारी त्यांना कोणी हसलं असतं तरी ऐकू आलं नसतं. त्यांच्या डोळ्यांपुढे अचलपूर होतं. ते पुस्तक वाचनालयात जाणार, बायकांच्या हातांतून घरोघर जाणार, पोराबाळांच्या उशाशी जाणार. आणि त्याच्याही आधी, ज्या पोटावर ते सकाळपासून टेकलं होतं ते पोट. धर्मपाल उभ्यानं पायडल मारत होता. 

एस.टी. स्टँडवर अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याची गाडी सुरू होऊन घरघरत होती. कंडक्टर मागच्या दारापाशी पाय देऊन उभा होता. मनकर्णाबाई खिडकीशी बसल्या होत्या, पुस्तक उघडून. शेजारच्या बाईचं तान्हं मूल त्या पानांकडे हात करत होतं.

भगवंतरावांनी खिडकीची दांडी धरली. बाई, खाली उतरा, म्हणाले, टोचून घ्यायचा नियम आहे. बाईंना हसू आलं. नियम अकोल्याचा असेल, त्या म्हणाल्या, आपण अचलपूरच्या, आणि इतकं धावत यायला हा काही दंड वसूल करायचा प्रसंग नाही. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. गाडी हलली. भगवंतराव दांडी धरून बरोबर धावू लागले आणि धावता धावता, पंखा, खोल्या, खुर्ची, सगळं त्यांच्या हातून सुटलं.   खिडकीशी तोंड नेऊन ते म्हणाले, "बाई, ते पुस्तक मातेच्या घरचं हाय. पोरीच्या खपल्या हायेत त्यात. पोटातल्या लेकरासाठी उतरा."

शेजारच्या बाईनं मूल ओढून छातीशी धरलं. गाडीत एकदम गलका झाला. गाडी थांबली. पुढच्या बाकावर अकोटच्या वाचनालयाचे नत्थुजी बसले होते. सकाळी त्यांनी त्या टेबलावरचं प्रत्येक पुस्तक हाताळलं होतं, आणि दुपारी टोचून घेतलं ते नुसता नियम म्हणून. ते पिशवी न घेताच उतरले आणि हॉलच्या दिशेनं पळत सुटले. आता ते काय सांगणार आणि कोणाला, हे भगवंतरावांना न विचारता कळत होतं.

मनकर्णाबाई खाली उतरल्या. पुस्तक त्यांनी दोन बोटांत धरून धर्मपालनं पसरलेल्या पंच्यात टाकलं. चेहरा पांढरा पडला होता. 

"कधीपासून ठाऊक होतं तुमाले?"

"सकाळपासून."

"आन तुमी मले जेवताना रोडगा वाढला," त्या म्हणाल्या. "आग्रह करून."

 बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. दंडावर पदर घट्ट धरून त्या धर्मपालबरोबर टोचणाऱ्याच्या शोधात चालू लागल्या. तो हॉलमधून निघून घरी गेला होता. त्याच्या ओसरीवर, डोळे मिटून, धर्मपालचा हात धरून त्यांनी सुई फिरवून घेतली. अंधारी आली, पण पडल्या नाहीत.

भगवंतराव हॉलवर परतले तेव्हा शाळेच्या मागे धूर निघत होता. टेबलावरची पुस्तकं, टेबलक्लॉथ आणि शेवटी टेबलही नानासाहेबांनी पेटवायला लावलं होतं. साठ्ये आणि बाकीचे प्रकाशक स्टेशनवर जाऊन बसले होते, आपापली नवी पुस्तकं तशीच टाकून. टोचून झालेलीच माणसं ती, पण कोणी कोणाजवळ बसायला तयार नव्हतं. नानासाहेब रागावून काही बोलले नाहीत. फाटक्या पुस्तकांची कल्पना ढोकण्यांची, असं त्यांनी आता चौघांसमोर स्पष्ट केलं, आणि अमरावतीच्या जागेविषयी एक शब्द न काढता ते मोटारीत बसले.

"साहेब, तुमी टोचून घेतलं का?" निखारे विझवताना धर्मपालनं विचारलं.

भगवंतरावांनी बाही वर करून दंडावरची लहानपणची खूण दाखवली. हाय ना, म्हणाले. ती खूण चालत नाही हे दुपारी त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, पण धर्मपालनं आठवण करून दिली तेव्हा त्यांनी उद्या बघू म्हटलं. उद्या वाचनालयाच्या समितीनं बोलावलं. परवा लेखी खुलासा मागितला. खुलासा लिहिताना भगवंतरावांनी हॉलमधल्या एकेका माणसाची आठवण केली, कोणी कुठलं पुस्तक धरलं होतं, टोचायचं कोणी राहिलं का. कोणी राहिलं नव्हतं. त्यांना त्या रात्री झोप लागली. आठवडाभरानं पाठ दुखायला लागली आणि ताप भरला, तेव्हा बायकोला, माणिकबाईंना, वाटलं की काळजीचा आहे. तिसऱ्या दिवशी कपाळावर पुरळ दिसलं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला आणि गल्लीतली माणसं पलीकडच्या कडेनं जाऊ लागली.

शेवटी कोणाला काय पडलं ते असं. साठ्यांना दंडावर एक खाज आणि नवा बाइंडर. नानासाहेबांना काहीच नाही. मुख्य ग्रंथपाल म्हणून त्यांनी आपला भाचा नेमला आणि तो बरा निघाला. नत्थुजींना एक पिशवी, ती परतवाड्याला गेली ती गेलीच. दुर्गाबाईंकडून पुस्तकाचा दंड कोणी मागितला नाही. धर्मपालनं तीन महिने त्याच पगारात एकट्यानं वाचनालय ओढलं. मनकर्णाबाईंना हात सुजून चार दिवस ताप, आणि ज्येष्ठात मुलगी, अंगावर डाग नसलेली. हॉलमध्ये हात लावलेल्यांपैकी आजारी पडलं ते एकच माणूस, ज्यानं ती पुस्तकं सगळ्यांच्या आधी पान न् पान पुसली होती. भगवंतराव वाचले. तोंडावर खड्डे राहिले आणि डाव्या डोळ्यात फूल पडून त्यानं दिसेनासं झालं. दंड त्यांनी भरला तो एक डोळा.